कप कोणी विसळायचे

कागदाची घडी घालणं ही कोणाकडून शिकायची गोष्ट आहे, असं मला पस्तिशीपर्यंत कधी वाटलं नव्हतं. ते मी शिकले वेल्समध्ये, कार्मार्थनच्या पलीकडच्या एका लहानशा गावात, चॅपलच्या मागच्या खोलीतल्या लांबलचक टेबलाशी बसून. दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आम्ही तेव्हा इंग्लंडमधल्या रीडिंगहून नुकतेच तिकडे राहायला गेलो होतो आणि मी सगळ्या जगावर चिडलेली होते.

चिडायला कारणं होती. रीडिंगमध्ये आम्हा दोघांच्याही सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या होत्या, स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर होतं, आणि शनिवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी जमून साबुदाण्याची खिचडी खाणारी पुण्या-नागपूरची चार घरं होती. मग कंपनीने नवऱ्याला वेल्समधल्या एका प्रोजेक्टवर पाठवलं. रीडिंगहून रोज जाणं-येणं शक्य नव्हतं. मी नोकरी सोडली आणि त्याचं उट्टं नवऱ्यावर काढत त्या गावात आले. एक मुख्य रस्ता, दोन चॅपल, एक केमिस्ट, आणि आज थांबेल उद्या थांबेल असं वाटायला लावणारा पाऊस. आणि गावातली एकुलती एक शाळा वेल्श भाषेतून.

पण खरं दुखणं वेगळं होतं आणि ते रीडिंगपासूनच सोबत आलं होतं. माझी पाच वर्षांची मुलगी मराठी बोलत नव्हती.

अगदी लहान असताना बोलायची. 'पानी' म्हणायची, 'चांदोमामा' म्हणायची. मग नर्सरी सुरू झाली आणि एकेक शब्द घरातून निघून गेला. समजायचं तिला सगळं. 'चप्पल घाल' म्हटलं की चप्पल घालायची, पण उत्तर इंग्रजीत. मी रागवून पाहिलं, गोंजारून पाहिलं, चॉकलेटची लाच देऊन पाहिली. रीडिंगला आम्ही आयांनी मिळून रविवारचा मराठी वर्गही काढला होता. कम्युनिटी हॉलच्या भिंतीला बाराखडीचा तक्ता लावला होता. मुलं 'क कमळाचा' म्हणत माना डोलवायची आणि ज्यूसची सुट्टी झाली की कोपऱ्यात जाऊन इंग्रजीत भांडायची. आम्ही आया तरी काय वेगळं करत होतो? एका मैत्रिणीचा नवरा तमिळ. तो मुलाला न्यायला दारात आला की आम्ही सगळ्या जणी इंग्रजीवर यायचो, आणि तो गेल्यावरही बराच वेळ तिथेच राहायचो. आम्हा नागपूरकरांना तर ही सवय जन्मापासूनची. दहा जणांत एक हिंदी बोलणारा आला की दहाही जण हिंदीत. त्याला आम्ही चांगुलपणा म्हणतो.

या सगळ्याचा हिशेब व्हायचा रविवारच्या फोनवर. हाउन्सलोच्या एका दुकानातून नवरा फोनकार्डांची चळत घेऊन आला होता. त्यावरचं खरवडून, तो लांबलचक नंबर फिरवून मी नागपूरला आईला फोन लावायचे आणि मुलीच्या हातात द्यायचे. मुलगी इंग्रजीत काहीतरी सांगायची. पलीकडे शांतता. मग रिसीव्हर माझ्याकडे.

"काय म्हणाली गं ती?" आई विचारायची.

"शाळेत पेंटिंग केलं म्हणते. मोराचं."

"अगं बाई, मोराचं! तिला सांग, आपल्या अंबाझरी तलावावर आजोबांनी मोर पाहिला होता."

मी ते इंग्रजीत सांगायचे. मुलगी 'ओके' म्हणायची. मी ते 'ओके' मराठीत करून पुढे पाठवायचे, त्यात पदरचं थोडं घालून, म्हणजे आईला बरं वाटावं. माझ्याच आईचं माझ्याच मुलीशी बोलणं मी भाषांतर करून पोचवत होते. फोन ठेवला की मला रडू यायचं, आणि ते लपवायला मी काहीतरी कारण काढून नवऱ्याशी भांडायचे.

वेल्सला गेल्यावर पहिल्याच फोनमध्ये आई म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात येते. गुडघे आता कुरकुर करतात, त्यापुढे काही एवढा प्रवास झेपायचा नाही." आणि ठेवता ठेवता म्हणाली, "मला तिच्याशी बोलायचंय गं. तुझ्याशी नाही. तिच्याशी."

त्यात ही वेल्श शाळा. माझ्या डोक्यात तर सणकच गेली. आधीच इंग्रजी घरात पाय पसरून बसलेली, आता आणखी एक. नवरा म्हणाला, "रांगेत मराठीचा नंबर अजून एकने मागे गेला, एवढंच." त्याला हसू येत होतं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहत. मुलीने शाळेत शिकलेल्या शब्दाने त्यांना पहिल्याच आठवड्यात 'मामगी' म्हणून हाक मारली. तिकडे आजीला मामगी म्हणतात. बाई इतक्या खूश झाल्या की आमच्या घरात त्यांना तेच नाव पडलं आणि मीही तेच म्हणायला लागले. मामगी निवृत्त शिक्षिका. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत, आणि कोणी रिकामं बसलेलं त्यांना बघवत नसे. एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "तुझे हात रिकामे आहेत का? गुरुवारी संध्याकाळी माझ्याबरोबर चल. घड्या घालायच्या आहेत."

मला वाटलं, चॅपलमधले टेबलक्लॉथ वगैरे असतील.

घड्या होत्या वर्तमानपत्राच्या. तिकडे प्रत्येक परिसराचा आपला एक पेपर असतो, महिन्याला एकदा निघणारा, अख्खा वेल्शमध्ये. त्याला पापिर ब्रो म्हणतात. कोणाच्या मेंढीला शेतकी प्रदर्शनात बक्षीस मिळालं, कोण वारलं, कोणाची नात डॉक्टर झाली, सफरचंदाच्या केकची कृती, शब्दकोडं. लिहिणारे गावातलेच, फोटो काढणारे गावातलेच. छापखान्यातून मोठमोठे सुटे कागद येतात आणि पानात पान घालून, घडी घालून, गठ्ठे बांधायचं काम गावातली माणसं हाताने करतात. मी अर्थातच विचारलं की हे मशीनने होत नाही का. सॉफ्टवेअरवाली ना मी.

"होईल की," मामगी म्हणाल्या. "मग आम्ही भेटायचं कधी?"

त्या पहिल्या गुरुवारी मी खोलीच्या दाराशी पोचले तेव्हा आतून आवाज येत होता. हसणं, कोणीतरी कोणाला तरी दम देणं, मध्येच एक ओळ गाणं, आणि कागदांची सळसळ. मला एक शब्द कळत नव्हता, पण घरच्या लग्नात आदल्या दिवशी स्वयंपाकघरात असतो तसा तो आवाज होता. मामगींनी दार ढकललं, मी आत पाऊल टाकलं, आणि लोडशेडिंगला पंखा थांबावा तसा तो आवाज थांबला. लगेच दुसरा सुरू झाला. इंग्रजी. हॅलो, कम इन, पाऊस काय म्हणतो, चहा घेणार का, दूध किती. सगळे किती प्रेमाने बोलत होते. केमिस्टच्या दुकानातली, छातीवर 'माझ्याशी वेल्शमध्ये बोला' सांगणारा नारिंगी बिल्ला लावणारी मुलगी होती. पोस्टमन होता. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट होती. आणि माझ्या समोरच एक आडदांड म्हातारे गृहस्थ, ज्यांना मी मनातल्या मनात मेंढ्यांवाले आजोबा म्हणायला लागले. दिवसभर मेंढ्यांमागे धावून, हात धुऊन ते घड्या घालायला आले होते. आणि ही सगळी मंडळी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन, स्वतः घडी घातलेला तोच पेपर स्वतःच्या पैशाने विकत घेणार होती.

मी थक्क झाले. खरंच सांगते, तोंडात बोट घालायची वेळ आली. एवढंसं गाव. पण सोमवारी वेल्शमधून चालायला जाणारा गट, मंगळवारी चॅपलमध्ये गाणं, शनिवारी सकाळी शिकणाऱ्यांसाठी चहा आणि गप्पा, पबमध्ये वेल्श क्विझ. कोणी भाषणं करत नव्हतं, कोणी अस्मिता वगैरे शब्द वापरत नव्हतं. आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या स्टेजवर मायमराठीच्या नावाने गळे काढायचो आणि खाली उतरल्यावर पार्किंगचं काय ते इंग्रजीत विचारायचो. हे लोक आपले चहा पीत होते आणि कागद दुमडत होते.

मी दर महिन्याला जायला लागले. नवऱ्याला घरी यायला उशीर व्हायचा, म्हणून मुलगीही सोबत. ती मामगींच्या शेजारी बसून गठ्ठे मोजायची. तिच्याशी सगळे वेल्श बोलत आणि माझ्याकडे वळले की इंग्रजी, पण टेबलावर एकदा इंग्रजी सुरू झाली की सगळ्यांचीच इंग्रजी व्हायची. पुढे काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी मागच्या छोट्या किचनमध्ये कप विसळत होते. बाहेर मेंढ्यांवाले आजोबा काहीतरी सांगत होते, वेल्शमध्ये, आवाज चढवत, मध्ये थांबत, आणि टेबलावरचे लोक आधीच खुदखुदायला लागले होते. शेवट जवळ आला होता हे मलाही कळत होतं. तेवढ्यात मी ट्रे घेऊन बाहेर आले. आजोबा वाक्याच्या मध्यात थांबले. माझ्याकडे पाहून हसले आणि उरलेली गोष्ट त्यांनी इंग्रजीत सांगितली. मेंढी नदीत पडते आणि पाद्री तिला काढायला जातो, असं काहीतरी होतं. सगळे हसले, पण सभ्यपणे. गोष्ट मेली होती आणि ती माझ्यामुळे मेली होती.

घरी जाताना मी मामगींना म्हटलं, "तुम्ही माझ्यासाठी बदलू नका ना."

"तू बसलेली असताना तुला न कळणाऱ्या भाषेत बोलायचं? उद्धटपणा झाला तो."

"आम्हीपण असंच करतो," मी म्हटलं. "अगदी असंच. एक माणूस आला की सगळे बदलतो. आणि आता माझी मुलगी माझ्या आईशी बोलू शकत नाही."

मामगी चालत राहिल्या. त्यांच्या फाटकाशी थांबल्या, किल्ली शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी नातवंडं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला असतात. सून तिकडची. तिला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून पहिल्या दिवसापासून मी इंग्रजीत बोलले. आता नातवंडांशीही इंग्रजीतच बोलते. कोणी मला सांगितलं नव्हतं तसं करायला." किल्ली मिळाली आणि त्या आत गेल्या.

पुढच्या महिन्याच्या गुरुवारी सगळे बसल्यावर मामगींनी टेबलावर चमचा वाजवला. एकदाच इंग्रजीत बोलल्या, ते माझ्यासाठी. आजपासून शेवटची घडी पडेपर्यंत या टेबलाशी इंग्रजी बंद. जो कोणी इंग्रजी बोलेल, तो सगळ्यांचे कप विसळेल. "तुला तासभर कंटाळा येईल," त्या मला म्हणाल्या. "आम्हाला माफ कर." मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि खोलीत तो दारामागचा आवाज सुरू झाला. या वेळी मी आत असताना.

कंटाळा कसला येतोय! मी पहिल्यांदाच त्या खोलीत खरी आले होते असं मला वाटलं. ऑफिसात मोठमोठ्या मीटिंगा चालवणारी मी, मला 'सुतळी इकडे द्या' म्हणता येत नव्हतं. मी बोट दाखवायचे. केमिस्टची मुलगी सुतळी हातात देऊन तिचं नाव सांगायची. माझी घडी तिरकी गेली की शेजारची बाई म्हणायची 'एतो', म्हणजे परत. सरळ आली की म्हणायची 'दना नी', म्हणजे जमलं बघ. तेवढ्यावर माझं तासभर भागलं. मी चुकीचं बोलले तर कोणी दुरुस्त करत नसे. मी सांगितलेलं काम करून टाकत, की झालं. बाराखडीचा तक्ता लावून मी लेकीला जे शिकवू शकले नव्हते, ते माझ्या हातांना इथे कोणी न शिकवता येत होतं. मी अवाक होऊन घड्या घालत होते.

माझ्या लेकीला तर हा नियम म्हणजे पर्वणी. ती स्वतःहून टेबलाची पोलीस झाली. पोस्टमनला तिने 'सॉरी' म्हणताना पकडलं. मेंढ्यांवाल्या आजोबांना 'बाय-बाय' म्हणताना पकडून परत आत बोलावलं आणि त्या प्रचंड हातांनी ते नाजूक कप विसळायला लावले. 'ओके' आणि खाण्याच्या वस्तूंची नावं चालतील, हा निकालही तिनेच दिला. टेबलाशी ती कधी चुकली नाही. आणि घरी आली की दारातच बूट काढता काढता माझ्याशी इंग्रजी सुरू.

तेव्हा मला मत्सर वाटायचा. लोकांच्या भाषेसाठी मी बोटं काळी करून घेते आणि माझी भाषा माझ्या घरात उपाशी. आईचं तिकीट काढून झालं होतं.

आई आली जुलैमध्ये. सोबत लोणच्याची बरणी, नातीसाठी खणाचं परकर-पोलकं, आणि ठरवून आलेला उत्साह. पहिले काही दिवस तो टिकला. आई बोलायची, नात ऐकायची, मान हलवायची, आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. आई माझ्याकडे बघायची. मी लगेच सांगायचे. मी भाजी परतत असले तरी, फोनवर असले तरी, दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहायचे. हळूहळू आई थेट माझ्याकडेच बघून बोलायला लागली. "तिला विचार, भूक लागली का." मुलगी शेजारीच बसलेली असायची.

मामगी गोड टिक्क्या घेऊन आल्या, बेदाणे घालून तव्यावर भाजलेल्या. आईने त्यांना लोणचं दिलं. मामगींना ठसका लागला, आईने पाठीवरून हात फिरवला, आणि दोघी तासभर आपापल्या भाषेत बोलत बसल्या. गुडघ्यांविषयी होतं ते सगळं. गुडघे दाखवता येतात. मी आत उभी राहून बघत होते. परक्या बाईशी आईचं जमत होतं आणि नातीशी अडत होतं.

घड्यांचा गुरुवार आला. आई म्हणाली, "मी घरी बसून काय करू? मीपण येते."

पांढऱ्या सुती पातळावर माझं कार्डिगन आणि पायांत मोजे, अशी आई त्या खोलीत शिरली आणि तिने सगळ्यांना हात जोडले. टेबलाशी बसलेले सगळेच्या सगळे उठून उभे राहिले. मेंढ्यांवाल्या आजोबांनीही हात जोडले, जरा वाकडे. खिडक्यांतून स्वच्छ ऊन येत होतं. मामगींनी आईला खुर्ची दिली, आणि मग त्यांचा चेहरा पडला. नियम त्यांनीच केला होता, पण एवढ्या लांबून आलेली, त्यांच्याच वयाची पाहुणी. त्यांच्यातल्या यजमानीणबाईंना ते सोसेना. त्यांनी चमचा वाजवला आणि इंग्रजीत सुरुवात केली, "आज आपल्याकडे पाहुण्या आहेत, तेव्हा आजच्यापुरतं आपण इंग्रजीत..."

"पण तिला इंग्रजी येत नाही," मी म्हटलं.

मग मेंढ्यांवाले आजोबा जे हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत. पोस्टमन टेबलावर डोकं टेकून हसत होता. त्या खोलीत आजवर असा पाहुणा आलाच नसावा, ज्याच्यासाठी इंग्रजीवर जाण्यात काही अर्थच नव्हता. मामगींनी डोळे पुसले.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

मी तिला नियम सांगितला. आई म्हणाली, "एवढंच? मग मला तर कप विसळायची भीतीच नाही." हे मी कोणालाही भाषांतर करून सांगितलं नाही, कारण मामगींनी चमचा खाली ठेवला होता आणि काम सुरू झालं होतं.

आईच्या शेजारी माझी मुलगी होती. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, सुतळीपाशी. आईने इतरांचं बघून घेतलं, पानात पान घातलं, घडी घातली, अंगठ्याने दाबली. घडी झकास, पण आतलं पान उलटं. मुलीने ते पाहिलं.

तिने तोंड उघडलं. इंग्रजीतला पहिला शब्द ओठांवर आला आणि ती थबकली. समोर मेंढ्यांवाले आजोबा आनंदाने भुवया उंचावून तिच्याकडे बघत होते आणि त्यांचं बोट सिंककडे. पोलीसच सापडणार होती. तिने तोंड मिटलं. मग वेल्शमध्ये काहीतरी म्हणाली. आई तिच्याकडे प्रेमाने बघत राहिली आणि तिने दुसरंही पान उलटंच घातलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता. माझं वाक्य तयार होतं, आई, ते पान उलटं आहे. जिभेवर आलं होतं. तेवढं मी म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, नेहमीसारखं. आणि तेव्हा मला लख्ख दिसलं की मी ट्रे घेऊन दारात उभी आहे. घरात या दोघींचं जे काही सुरू व्हायला बघतं, ते मी मध्ये येऊन थांबवते. चांगुलपणाने, प्रेमाने, दर वेळी. मी मान खाली घातली आणि सुतळीची गाठ मारत बसले. गाठ कधीच बसली होती, तरी मारत बसले.

बाकीचं टेबल बोलत होतं. मग मला ऐकू आलं, "आजी."

"काय गं राणी?"

"हे... हे उलटा झाला."

"उलटं झालं? कुठं गं?"

"हे पान. तू असा नको कर. असा कर." तिने कागद ओढून घेतला. "असा. मग हे आतमध्ये. मग घडी. आता दाब. जोरात दाब!"

"अगं बाई! माझं लक्षच नव्हतं बघ. दाखव बरं परत."

"परत असा," माझी मुलगी म्हणाली. "आता तू."

आईने घडी घातली. मुलीने ती उघडून तपासली, मामगी तपासतात तशी, आणि म्हणाली, "झाला. दना नी."

"दना नी," आई म्हणाली.

मेंढ्यांवाल्या आजोबांनी वेल्शमध्ये मुलीला काहीतरी विचारलं आणि तिने वेल्शमध्ये सांगितलं, आजीकडे बोट दाखवत, की आजीचं पान उलटं गेलं होतं आणि आता जमलंय. आई तिच्याकडे बघत होती. मी सगळ्यांसमोर, मोठ्याने, म्हणून गेले, "ओ माय गॉड."

एकच गलका झाला. पोस्टमनने टाळी वाजवली. माझी मुलगी खुर्चीवर उभी राहिली आणि तिने सिंककडे बोट केलं.

"आई! तू इंग्लिश बोलला! कप!"

मी कप गोळा केले. मामगींनी आपला कप माझ्या ट्रेमध्ये ठेवताना दुसऱ्या हाताने माझा दंड एकदा घट्ट दाबला. मी आत गेले, नळ सोडला आणि मनसोक्त रडले. कपांत किती पाणी नळाचं होतं कोण जाणे. बाहेर वेल्श परत रंगात आली होती आणि तिच्या मधून मधून, अडखळत, चुकत, नळाच्या आवाजातूनही मला ऐकू येत होतं.

"शाळेत डब्यात काय देते गं तुला आई?"

"सँडविच. रोज सँडविच देतो. मला पोळी पाहिजे."

"अस्सं! थांब, मी बघतेच तिच्याकडे. गूळ घालून देऊ का पोळीवर?"

"गूळ काय असते?"

रविवारच्या इतक्या फोनांत हे कधी कोणी मला पोचवायला सांगितलं नव्हतं. मी नळ बंद केला, डोळे पुसले आणि सगळे कप ट्रेमध्ये मांडून बाहेर आले.

कोणीच थांबलं नाही.